म्हसोबापासून वीस फूट

घरं बांधून देणाऱ्या सरकारी मंडळावर निरपेक्ष आणि आजन्म प्रेम करणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बाकीची दुनिया सोडतीत नंबर लागेपर्यंत मंडळाला नवस बोलते आणि किल्ली हातात पडली की शिव्या द्यायला लागते. भिंतीला ओल आली, मंडळ. नळाला पाणी नाही, मंडळ. सासूसुनेचं पटत नाही, त्यालाही मंडळच जबाबदार, कारण खोल्या लहान बांधल्या. मामांचं तसं नव्हतं. कराडच्या माळावर मंडळानं वसवलेल्या आमच्या वसाहतीत ते राहायला आले त्या दिवसापासून मंडळाविषयी कुणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. एकदा शेजारच्या घरातला छताचा गिलावा आपोआप खाली आला. नशीब, खाली कुणी झोपलेलं नव्हतं. मामा जाऊन तो पडलेला गिलावा हातात घेऊन, बोटांनी चुरून बघून आले आणि म्हणाले, "माल चांगला हाय. चिकटवनारा कंत्राटदार चोर." मंडळ त्यातूनही निर्दोष सुटलं.

मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. वसाहतीत त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, लहानथोर सगळे सुभेदारच म्हणतात. फौजेतून येताना त्यांनी मिशा आणल्या आणि सरळ रेषेचं वेड आणलं. मिशा वयानं पिकल्या, वेड काही पिकलं नाही. स्कूटर लावायची ती भिंतीला समांतर, आणि समांतर लागली की नाही हे मागं सरकून, एक डोळा मिटून बघायचं. दारातल्या चपला बुटांसकट एका रांगेत. पायजम्याच्या खिशात कायम पोलादी टेप. चष्मा विसरतील, किल्ली विसरतील, टेप विसरायचे नाहीत. आमच्या लग्नात मांडवाचा एक खांब रस्त्यात आला होता. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, आंतरपाट धरला, आणि अशा वेळी भाचीच्या पाठीशी उभं राहायचं सोडून हे गृहस्थ चार माणसं गोळा करून खांब उपटत होते. 'सावधान' म्हणायला आणि मांडव एका अंगाला कलायला एकच गाठ पडली. अक्षता टाकायच्या की पळायचं, हे वऱ्हाडाला कळेना. नंतर घाम पुसत मला म्हणाले, "रस्ता पब्लिकचा हाय, जावई. लग्न काय, एका दिसाचं." हे वाक्य माझ्या बायकोनं आजतागायत विसरलेलं नाही, आणि मलाही विसरू दिलेलं नाही.

दुःखाच्या घरीसुद्धा टेप बाहेर निघायची. आमच्या गल्लीत एक मास्तर वारले. मामा भेटायला गेले, मास्तरांच्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवत खरोखरच रडले. त्यांचे डोळे तसे चटकन भरून येतात. निघताना मात्र उंबऱ्यापाशी थबकले, खाली बसले आणि दारातली पायरी मोजली. मुलगा बघतच राहिला. "वडील गेल्याचं दुख हाय ते हायच," मामा उठत म्हणाले, "पर पायरी फूटभर रस्त्यात आलीया. ते बी कुनीतरी सांगायला पायजे न्हवं?" तेरावं झाल्यावर मुलानं पायरी तोडली. भीतीनं तोडली की कंटाळून, कुणास ठाऊक.

ह्या वेडाचं खरं मूळ फौजेत नव्हतं, शेतात होतं. मामांचं गाव कुंडलच्या बाजूला. उसाची काळीभोर जमीन, दोघं भाऊ, मधे बांध. आमच्याकडं ज्याला शेतीतलं दुसरं काही जमत नाही त्यालाही बांध कोरायला जमतं. नांगर फिरवताना तो बांधाला जरासा घासून न्यायचा, सालाला वीतभर. कुणी हटकलं तर पूर्वी म्हणायचे, बैलच तिकडं ओढत होता. हल्ली म्हणतात, ट्रॅक्टरवाला नवा होता. मामा तिकडं देशाची हद्द राखत होते आणि इकडं धाकटा भाऊ घरचा बांध वीतवीत सरकवत होता. दर सुट्टीला येऊन बघावं तर शेत धुतलेल्या कापडासारखं आटलेलं. मग भांडणं झाली, सरकारी मोजणी झाली, आणि शेवटी एका सकाळी मोजणीत पुरलेला हद्दीचा दगडच भावानं उपटून अलीकडं आणून ठेवलेला दिसला. मामांनी शिवी दिली नाही की हात उचलला नाही. मामींना एवढंच म्हणाले, "बांधाचा दगड हलवनाऱ्याच्या शेजारी मला मरायचं न्हाई." जमीन भावाच्या अंगावर टाकली आणि कराडला मंडळाच्या घरात आले. वसाहतीतल्या रस्त्यांच्या कडेला मंडळानं हद्दीचे दगड पुरलेले होते, चुना मारलेले. पहिल्याच दिवशी मला तिथं नेऊन उभं केलं आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "बगा जावई, हितं बांध सरकारचा. कोरा म्हनावं आता!"

लोकांनी कोरला की! वसाहतीत राहायला आलेले आम्ही सगळे पलूस, कडेगाव, पाटण अशाच बाजूचे. गाव सुटलं तरी सवय थोडीच सुटते? कुणी पुढं ओटा काढला, कुणी ओट्यावर पत्रा घातला, पत्र्याखाली भिंत आली आणि भिंतीला दार आलं. मंडळाचा एक दगड धुणं धुवायला गेला, एक कुणाच्या पायरीत चिणला गेला, एकावर मिरची कुटली जायची. मंडळाला आमची घरं बांधायचा अधिकार होता, पण रस्त्यात आलेला ओटा काढायचा नव्हता. आधी नोटीस द्यायची, उत्तराची वाट बघायची, मग कोर्टात जायचं, आणि कोर्टात गेलं की तारीख पडायची. मामांचा जीव तुटायचा. "वाघ हाय ओ," ते म्हणत, "पर दात काढून सोडल्याला." मग केस कापायला गेले तरी न्हाव्यापुढं, चहा प्यायला गेले तरी टपरीवाल्यापुढं एकच भाषण: मंडळाला पॉवर पायजे, कोर्टाच्या पायऱ्या न चढता पाडायची पॉवर. मी कधीतरी म्हणायचो, "मामा, उद्या एखाद्या गरिबाचं चुकून पाडलं तर त्यानं जायचं कुठं? त्यासाठीच तर कोर्ट मधे ठेवलंय." मामा माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचे. "चुकून? आवं, चुकंल कसं? टेप हाय की!"

आता आक्कांविषयी सांगायला हवं. मामांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आक्कांचं एका खोलीचं घर. आटपाडीकडच्या दुष्काळी भागातलं हे धनगराचं कुटुंब. मेंढरं घेऊन दर साल इकडं उतरायचं. वसाहत बांधली जात होती तेव्हा नवरा राखणीला राहिला आणि पुढं लहान घरांच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला. नवरा गेला, मेंढरं गेली, लेक सासरी गेली. मग आक्कांनी घरापुढं पत्र्याचं छप्पर घालून शेळ्या बांधल्या. दूध आणि करडं, ह्यावरच त्यांचं पोट. छप्पर गेलं तर शेळ्या विकाव्या लागणार, आणि शेळ्या गेल्या की आक्कांना जावयाच्या दारात जाऊन राहावं लागणार, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. आणि मामांच्या टेपप्रमाणं ते छप्पर रस्त्यात येत होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं पाच फूट.

टेप लावायची ती म्हसोबापासून. हा म्हसोबा म्हणजे मंडळाचाच दगड. बाकीचे दगड कुठं कुठं गेले ते सांगितलंच. मामांच्या घराशेजारचा तेवढा टिकला, कारण मामींनी हौसेनं त्याला शेंदूर फासला, समोरून आक्का नारळ घेऊन आल्या, आणि दोघींनी मिळून दगडाचा देव केला. देव झाला म्हणून वाचला. शेंदराचे थर चढून चढून आता तो चांगला बाळसेदार झाला होता. मंडळाच्या नकाशात आमचा रस्ता त्या दगडापासून आक्कांच्या बाजूला वीस फूट दाखवलेला, म्हणून गल्लीत हिशेबाची बोलीच पडली होती: म्हसोबापासून वीस फूट. मामी आणि आक्का सकाळची भांडी झाली की त्या देवापाशी तासभर बसायच्या. एक उसाच्या गावातली, एक दुष्काळातली. दोघींना बोलायला काय एवढं सापडायचं, त्यांनाच ठाऊक. पुढं मामी आजारी पडल्या. घरात वारा लागेना म्हणून मामांनी घाईघाईनं पुढच्या अंगाला पडवीवजा सोपा काढला, भिंत घालून तिला खिडकी ठेवली आणि मामींची खाट तिथं टाकली. आक्का रोज तांब्याभर शेळीचं दूध घेऊन यायच्या. त्या दिवसांत मामांची टेप कुठं पडली होती कोण जाणे. त्यांना तेव्हा कुठलीच रेष दिसत नव्हती. मामी त्याच सोप्यात गेल्या.

त्यानंतर सालभरानं आक्कांनी छप्पर घातलं, आणि मामांनी टेप शोधून काढली. दुःखातून बाहेर पडायला माणसाला काहीतरी लागतं. मामांना ते पाच फूट मिळाले. रोज सकाळी रस्त्याच्या अलीकडून आवाज जायचा, "आक्का, तुमचं छप्पर रस्त्यात हाय!" पलीकडून उत्तर यायचं, "न्हाई सुभेदार, म्या रस्ता सोडून घातलंय." "टेप सांगतीया." "टेप तुमची हाय. माझी असती तर माझ्यावानी बोलली असती." एवढं झालं की आक्का दूध घेऊन यायच्या आणि मामा ते तापवून चहा करायचे. एका हातानं तक्रार, दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या. हे इतकी वर्षं चाललं की आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं.

मामांनी मंडळाच्या कचेरीत घातलेले खेटे वाया गेले असं नाही. एकदा मंडळाचा शिपाई खरोखरच आला आणि आक्कांच्या छपराला नोटीस डकवून गेला. डकवली होती गव्हाच्या खळीनं. दुपारी एका शेळीनं आधी खळ चाटली, मग नोटीस खाल्ली. मामा कडाडले, "सरकारी कामात अडथळा हाय ह्यो!" आक्का शांतपणे म्हणाल्या, "आवं सुभेदार, मला वाचता येत न्हाई आन् तिला खाता येतंय. वाया तर गेली न्हाई न्हवं?" मामांनी दुसरी नोटीस मागवली. ती येईपर्यंत शेळी व्याली.

आणि मग एके दिवशी मंडळाला खरोखरच दात आले. कायदा बदलला, मंडळाच्या जागेत रस्त्यात आलेलं बांधकाम कोर्टाची वाट न बघता पाडायचा अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्यालाच मिळाला. मामांनी त्या दिवशी साताऱ्याहून कंदी पेढे आणवले आणि सगळ्या वसाहतीत वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला. गोड तोंडानं अभिनंदन करून झाल्यावर एकेकाला कारण कळलं, तेव्हा एकजण तर गिळलेला पेढा बाहेर काढता येतो का बघत होता. आक्कांनाही पेढा गेला. त्यांनी अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा शेळीला घातला आणि विचारलं, "कसला हाय?" मामा पहिल्यांदाच जरा अडखळले. "मंडळाचा हाय," म्हणाले आणि लगबगीनं पुढच्या दारात गेले.

जेसीबी येणार म्हटल्यावर वसाहतीत एकाएकी धर्म वाढला. देवाला कोण हात लावतंय, असा लोकांचा साधा हिशेब. ज्याच्या त्याच्या ओट्यावर तुळशीवृंदावन आलं. एकानं स्कूटरच्या शेडमधे दत्ताची तसबीर टांगली, दुसऱ्यानं वाढवलेल्या न्हाणीघराच्या दारावर 'श्री' काढला. मामा हे सगळं बघत हिंडत होते आणि कपाळाला हात लावत होते. "देवाला पुढं करत्यात ओ!" ते मला म्हणाले. "माणसानं सवताच्या चुकीला देव आडवा घालावा व्हय?" आक्कांनी मात्र काहीच केलं नाही. त्यांच्या छपराखाली शेळ्याच होत्या, तसबीर टांगायला जागा नव्हती. पण दोन दिवस झाले, दूध आणून देताना त्या मामांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तांब्या ठेवायच्या आणि जायच्या. मामा तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कायदा सगळ्यास्नी सारका पायजे, न्हवं का जावई?" त्यांना माझ्याकडून 'होय' हवं होतं. मी दुधाचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला.

मंडळाच्या इंजिनिअर बाई सकाळी आल्या. तरुण, शांत बोलणाऱ्या, डोक्याला उन्हाची टोपी. बरोबर नकाशा घेतलेला शिपाई, आणि मागं पिवळाधमक जेसीबी. वरच्या गल्लीतले ओटे गेले, तुळशींसकट. लोक ओरडले, रडले, गप्प झाले. मग आमची गल्ली. मामा इस्त्रीचा सदरा घालून, मिशांना पीळ देऊन म्हसोबापाशी उभेच होते. बाईंना त्यांनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "टेपचं टोक मी धरनार." बाई हसल्या आणि त्यांनी धरू दिलं. मामांनी टोक दगडाला टेकवलं, शिपाई टेप ओढत रस्ता ओलांडून आक्कांच्या छपरापर्यंत गेला. बाईंनी वाकून आकडा वाचला आणि म्हणाल्या, "पाच फूट रस्त्यात आहे." आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो तेच शब्द. आजवर त्यावर हसत आलो होतो, कारण त्यामागं जेसीबी नव्हता. बाई आक्कांना म्हणाल्या, "आजी, शेळ्या बाहेर घ्या." जेसीबीवाल्यानं यंत्र चालू केलं, आणि आतल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

आक्का आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. त्या पदर खोचून रस्त्याच्या मधोमध आल्या आणि मामांसमोर उभ्या राहिल्या. "सुभेदार, टेपचं ऱ्हाऊद्या," त्या म्हणाल्या. "ह्या देवावर हात ठेवा आन् सांगा, आक्का रस्त्यात हाय म्हनून. मी माझ्या हातानं शेळ्या सोडते." आमच्याकडं कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलणारे ढिगानं मिळतील, म्हसोबावर हात ठेवून खोटं बोलायला कुणाची छाती होत नाही. पण मामांना खोटं बोलायचंच कुठं होतं? "त्यात काय," म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी दोन्ही तळवे दगडाच्या दोन्ही अंगांना लावले.

आणि तसेच राहिले. मला वाटलं, कंबर धरली. मी पुढं होऊन विचारलं, "मामा, काय होतंय?" ते दगडाला धरलेल्या स्वतःच्या हातांकडं बघत होते, जसं काही ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत. मग मान वर न करता म्हणाले, "जावई, ते यंत्र बंद करायला सांगा." बाईंनी हात केला, यंत्र बंद झालं. "ह्यो देव हितला न्हाई," मामा म्हणाले. "म्या उचललाय ह्येला. असाच, दोन हातात धरून. सोप्याची भिंत घालाय घेतली तवा ह्यो मधी आला हुता. ती खाटंवरनं म्हनाली, देवाला घरात कोंडू नगा, भायेर ठेवा. म्या नारळ फोडला, पाया पडलो, आन् उचलून भित्तीभायेर ठिवला." मामांनी मान वर करून आक्कांकडं बघितलं. "देव म्हनून उचलला ओ आक्का. दगड हाय, ह्ये ध्यानातच न्हाई आलं."

बाईंना एवढ्यानं भागणार नव्हतं. "आजोबा, आधी कुठं होता तो?" त्यांनी विचारलं. मामा सोप्यात गेले आणि त्यांनी घराच्या मूळ भिंतीला टेकवलेल्या मामींच्या खाटेखाली बोट दाखवलं. आम्ही खाट बाजूला केली, पहारीनं शहाबादी फरशी उचकटली. खाली सिमेंटचा चौकोनी पाया होता, त्यात दगडाच्या बुडाएवढा खळगा अजून तसाच. बाईंनी तिथून परत टेप लावली. ह्या वेळी टोक शिपायानं धरलं. आक्कांचं छप्पर रस्त्याच्या बाहेर होतं. आणि मामांचा सोपा, पहिल्या फरशीपासून शेवटच्या विटेपर्यंत, रस्त्यात होता.

बाई भल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मला जसा पाडायचा अधिकार मिळालाय तसा मुदत द्यायचाही मिळालाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांनी अर्ज केला, दंड भरला, तर हे कायमही करता येईल. म्हातारं माणूस आहे, समजावा त्यांना." मी समजावलं. माझी बायको तर रडतच होती. "मामा, मामी शेवटपर्यंत इथंच होती. करू या ना अर्ज," ती म्हणाली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, भावानं बांधाचा दगड हलवला तवा म्या गाव सोडलं," ते म्हणाले. "आता मी कुटं जाऊ?" मग ते बाईंकडं वळले. "ही पॉवर मीच मागितलीया बाई. वरच्या गल्लीत लोकांच्या ओट्यावर चालली. माझ्या दारात आली की अर्ज व्हय? चालवा तुमचं यंत्र."

अडवायला निघाल्या त्या आक्काच. "आवं सुभेदार, खुळं लागलं का काय तुमास्नी?" त्या जेसीबीच्या पुढं जाऊन ओरडल्या. "माझं ऱ्हायलं न्हवं? मग तुमचं बी ऱ्हाऊद्या की! ह्या रस्त्यानं जातंय कोन? मी आन् माझ्या शेळ्या! आमी जाऊ की जरा वळून!" मामांनी हात जोडले. म्हणाले, "आक्का, एवढी वर्सं तुमाला खोटं पाडलं म्या. आता मधी पडू नगा." आक्का बाजूला झाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मामांनी खाट स्वतः उचलून आत नेली. मग यंत्र चाललं. सोपा बांधायला महिना लागला होता, पडायला पान चघळून होईपर्यंतही वेळ लागला नाही. मला त्या वेळी मंडळाचा, त्या कायद्याचा आणि मामांचा सारखाच राग आला होता, आणि तिघांपैकी कुणाचं नेमकं काय चुकलं तेही सांगता येत नव्हतं. राडारोडा उचलल्यावर मामांनी आणि मी दोघांनी धरून म्हसोबा पहिल्या जागी नेऊन बसवला. आक्कांनी नारळ फोडला. वरच्या गल्लीतले ओटे गेलेले लोक तेवढ्यात आले होते, हसायलाच आले असावेत. पण कुणी हसलं नाही, सगळ्यांनी गुपचूप प्रसाद घेतला.

ह्याला आता बरेच दिवस झाले. मामांचं मंडळावरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. मंडळाला पाडायचा अधिकार मिळाला, पण मोकळा झालेला रस्ता डांबरी करायला त्याला अजून सवड मिळालेली नाही. तरी "करत्यात ओ, मोटं काम हाय," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यांच्या घराला आता पुढं काहीच नाही, एकदम दार. सोप्याची फरशी तेवढी उघड्यावर राहिली आहे आणि तिच्यात म्हसोबा. आक्का दूध आणतात, दोघं चहा घेतात. रोजचं भांडण गेलं, त्याच्या जागी काय बोलावं हे दोघांनाही सुचत नाही, म्हणून बराच वेळ नुसतेच बसतात. मला ते बघून वाईट वाटतं. भांडत होते तेच बरं होतं, असं बायकोला म्हणालोही.

परवा दुपारी गेलो, तर उन्हानं तापलेल्या त्या फरशीवर आक्कांच्या साऱ्या शेळ्या पाय दुमडून रवंथ करत बसल्या होत्या, एक तर अगदी मामींची खाट असायची तिथं. मामा उंबऱ्यात बसून होते. मी विचारलं, "मामा, हाकलू का?"

"नगं, बसूद्यात," ते म्हणाले. मग शेळ्यांकडं बघतच म्हणाले, "खिडकी लय वर ठिवली हुती म्या. खाटंवरनं तिला नुसती भित्तच दिसायची ओ. आज असती, तर ह्यास्नी बघत बसली असती."